शब्द कुणाचे?

"गाणं होणार म्हणजे होणार," श्यामकांतांनी सोसायटीच्या कमिटीसमोर टेबलावर हात आपटला.

मुलुंडच्या त्यांच्या सोसायटीचा वर्धापनदिन चार दिवसांवर आला होता. गंधालीचं गाणं अर्धं रॅप, अर्धं रॉक. शिवाय ती सहा महिन्यांपूर्वी बोरीवलीचं सासर सोडून माहेरी आलेली. सेक्रेटरींचं म्हणणं एवढंच, की लोक काय म्हणतील.

"लोकांचं मी बघतो. माझ्या मुलीने सोसलंय, ती ते सांगणार."

घरी येऊन ही मर्दुमकी त्यांनी कुंदाला दोनदा ऐकवली. चहा जरा गार होता. त्यांनी स्टीलचा पेला पुढे सरकवला; ती मुकाट्याने दुसरा घेऊन आली. या घरात चहा स्टीलच्याच पेल्यातून मिळे. हिला रॅपमधलं काय कळणार, या विचाराने त्यांना बायकोची कीवच आली.

"गंधाली, गाण्यात सर्वेशचं नाव घेतलंयस ना?"

"नाव कुणाचंच नाही, बाबा."

"घ्यायचं की. नवऱ्याला घाबरतेस काय अजून? मी आहे ना."

गंधालीने आईकडे पाहिलं. "तुम्ही पहिल्या रांगेत बसा, म्हणजे झालं."

ते बसले, कडक इस्त्रीच्या झब्ब्यात. शेजारी कुंदा, मांडीवर हात ठेवून. ड्रम सुरू झाला आणि गंधाली सुटलीच.

"दाराला कुलूप तुझं, तोंडाला कुलूप,
तूच देव, तूच भटजी, मी जाळायचा धूप!
कप फुटला भिंतीवर, काचा कुणी वेचल्या?
हसत हसत पाहुण्यांना पुऱ्या कुणी लाटल्या?"

मग गिटार कडाडली. "वाकले, मोडले नाही!" दुसऱ्या खेपेला तर अख्खा हॉल ओरडू लागला. नाकं मुरडणाऱ्या बायका सगळ्यांत पुढे.

म्हणजे सर्वेशने कपसुद्धा फेकले होते? श्यामकांतांच्या मुठी वळल्या. पोरीने हे कधी सांगितलं नव्हतं. त्यांना भरून आलं, आणि तिच्या पाठीशी उभं राहिल्याबद्दल स्वतःचा अभिमानही वाटला.

टाळ्या थांबेनात. सेक्रेटरीसुद्धा उभे राहिले. श्यामकांत तडक स्टेजवर गेले आणि त्यांनी माईक घेतला. पार्ल्यात लहानपणापासून ऐकलेल्या मैफलींमुळे गीतकाराचं नाव घेतल्याशिवाय त्यांना गाणं पुरं झाल्यासारखं वाटत नसे.

"एक राहिलं," ते म्हणाले. "चाल कुणाची, शब्द कुणाचे, हे सांगायची आपल्याकडे रीत आहे. सांग, बाळा. सगळ्यांसमोर, मान वर करून सांग."

त्यांनी माईक तिच्यापुढे धरला.

"चाल माझी," गंधाली म्हणाली. "शब्द आईचे."