एका क्लोरीनचा फरक

अ‍ॅसिडची बॅच संध्याकाळपर्यंत निघाली, तर वायंगणकरला प्लांट मॅनेजरची खुर्ची मिळणार होती. आडवा येत होता तो फक्त रबरी सूट. तो चढवायचा म्हणजे जुन्या ऑपरेटर सुर्वेमामांचा अर्धा तास गेलाच.

"मामा, जन्मभर व्हिनेगरचं अ‍ॅसिड हाताळलंत ना? हे अ‍ॅसिड त्याचंच भावंड. एका क्लोरीनचा काय तो फरक!"

"साहेब, भावकीच जास्त डसते," मामा हसले आणि नुसत्या हातमोज्यांवर व्हॉल्व्ह खोलायला गेले.

पाइपाचा जोड निसटला आणि मांडी भिजली. मामांनी सवयीने पाणी मारलं. "चुरचुरतंय एवढंच." दवाखान्यात न्यायचं तर बॅच थांबली असती. "बसा जरा सावलीत," वायंगणकर म्हणाला. बॅच वेळेत निघाली, तोवर कातडीतून रक्तात उतरलेल्या अ‍ॅसिडने मामा सावलीतच गार पडले होते.

मॅनेजरपदाच्या मुलाखतीत त्याला विचारलं, "एका क्लोरीनने अ‍ॅसिड इतकं तीव्र का होतं?"

"क्लोरीन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो, सर. मग दुसऱ्या टोकाचा हायड्रोजन सहज सुटतो."

हे उत्तर त्याला कॉलेजपासून पाठ होतं. खुर्ची त्याला मिळाली. तिची किंमत दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या मामांनी भरली होती.