एकोणचाळीसचा रुपया

ट्रंकेच्या तळाशी रुमाल होता, पण रुमालात रुपया नव्हता.

कृष्णातनं रुमाल झटकला. मग आईचं एकेक लुगडं काढून झटकलं. त्याची बायको उज्वला दारात उभी होती. नीट आठवा, दुसरीकडं ठेवला असेल, असं ती दोनदा म्हणाली. कृष्णात लुगडी झटकतच राहिला. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटातला मापाडी तो. ठेवलेली वस्तू विसरणाऱ्यातला नव्हता.

रुपया १९३९ सालचा होता, चांदीचा. वडील गेले तेव्हा त्यांच्या जुन्या पाकिटात सापडलेला. त्या सालचे रुपये फार थोडे बाहेर आले आणि नकला मात्र पोत्यानं निघाल्या. अमेरिकेतली एक कंपनी नाणं तपासते, दर्जा ठरवते आणि प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करून देते. तशी डबी असल्याशिवाय मोठं गिऱ्हाईक हात लावत नाही, असं नाण्यांचे व्यापारी हौसेराव यांनी त्याला समजावलं होतं. डबीत गेला तर मार्केटात स्वतःचा छोटा गाळा होईल, असंही ते म्हणाले होते.

पण चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, त्यातली गत. कंपनीची फी डॉलरात, वर विमा, नेण्या-आणण्याचा खर्च आणि हौसेरावांचं कमिशन. सगळं आगाऊ, आणि नाणं नापास झालं तरी पैसे परत नाहीत. घरातला हरेक खर्च अडवून कृष्णातनं ते भरलं. आईनं काही मागितलं की तो म्हणे, पुढं बघू. आज दुपारपर्यंत रुपया पोचवायचा होता. हौसेरावांचा माणूस संध्याकाळच्या विमानानं निघणार होता.

आणि आता रुपयाच नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची, ही त्याची रीत. धाकट्या भावाला, रणजीतला, त्यानं रुपयाबद्दल चकार शब्द सांगितला नव्हता. रणजीत कामाला होता तो पावणे एमआयडीसीतला कारखाना बंद पडलेला, हाताला काम नाही. अशा माणसापुढं चांदी कशाला दाखवा? आईलाही त्यानं किंमत सांगितली नव्हती. ती शेजारच्या शालनला सांगणार आणि शालन साऱ्या कोपरखैरण्याला. आईला एवढंच म्हणाला होता, ही वडिलांची आठवण आहे, तुझ्या ट्रंकेत जपून ठेव, विकायची नाही. विकून आलेल्या पैशात रणजीतला निम्मा वाटा द्यायचा, हे त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. पण तेही कुणाला सांगितलं नव्हतं.

घरात कोण आलं होतं, असं त्यानं विचारलं तेव्हा उज्वला घुटमळली.

"परवा रणजीत भावजी आले होते. सासूबाईंशी ट्रंकेपाशीच बोलत बसले होते. मी आत गेले तशी दोघं गप झाली."

आईला विचारावं तर ती घरात नव्हती. उद्या वडिलांचं वर्षश्राद्ध. ती सकाळीच शालनला घेऊन तुर्भ्याच्या बाजारात गेली होती.

तेवढ्यात रणजीतच दारात आला. श्राद्धासाठी केळीच्या पानांचा भारा काखेत होता. कृष्णातनं त्याला बसही म्हटलं नाही.

"परवा कशाला आला हुतास?"

"आईनं बोलावलं हुतं. जरा पैसं पायजे हुतं तिला."

"कशाला?"

रणजीतनं मान खाली घातली. "ते तिलाच इचार. दादाला सांगू नगं म्हनली, तू खर्चाला चिडतूस."

"आन् तू कुठनं आनलंस पैसं?"

"घड्याळ इकलं."

मनगट खरंच मोकळं होतं. पण माणसाचं डोकं एकदा फिरलं की समोरचं दिसत असूनही दिसत नाही. एक चोरी झाकायला ही दुसरी थाप, असं कृष्णातला वाटलं. त्यानं रुपया मागितला. कुठला रुपया, असं रणजीतनं विचारलं, आणि त्या साळसूदपणानं कृष्णातचा उरलासुरला तोल गेला.

"उद्याच्या श्राद्धाला ह्या घरात पाय ठिवायचा न्हाईस," तो म्हणाला. "तो तुजा बाप न्हवताच, असं समज."

उज्वलानं तोंडाला पदर लावला. रणजीतनं पानांचा भारा भिंतीशी नीट टेकवून ठेवला, आईला सांग मी येऊन गेलो म्हणून, एवढं बोलला आणि निघून गेला.

कृष्णात कोपऱ्यावरच्या पीसीओवर गेला. हौसेरावांनी ऐकून घेतलं. माणूस थांबणार नाही आणि भरलेली फी परत येणार नाही, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. तो घरी येऊन भिंतीला टेकून बसला. रुपया गेल्याचं दुःख होतंच, पण भाऊ चोर निघाला ह्याचं जास्त होतं. ज्याला खांद्यावर बसवून गावच्या जत्रेत फिरवलं, त्यानंच घर फोडलं. त्याला रडू येत होतं आणि तो ते दाबत होता.

ऊन कलताना आई, वेणूबाई, आली. दमली होती, पण चेहरा उजळलेला होता. पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिनं रणजीत कुठाय म्हणून विचारलं. त्याच्या पैशानंच मजुरी भागली, तर पयलं त्यालाच दावायचं, असं म्हणत तिनं कमरेची चंची सोडली आणि आतून सोनाराकडच्या गुलाबी कागदाची पुडी काढली.

पुडीत चांदीचा टाक होता. उद्या देव्हाऱ्यात बसवायचा, वडिलांच्या नावाचा, नवाकोरा.

"चांदी कुठनं घेतलीस?" कृष्णातनं विचारलं.

"इकत कशाला घिऊ?" वेणूबाई म्हणाली. "त्यांचाच रुपाया हुता की ट्रंकंत. सोनारानं माज्या म्होरंच आटवला."