चुन्याखालचा रोग

“रोग कुठाय?” वृक्ष अधिकाऱ्यांनी विचारलं.

चेअरमन दिगंबररावांनी पाइनच्या बुंध्याकडे बोट दाखवलं आणि ते बोट तसंच हवेत राहिलं. बुंधा रंगवलेला होता. खाली गेरू, वर पांढराशुभ्र चुना, मधे सरळ रेघ.

वलवण धरणाजवळच्या या बंगल्यांच्या सोसायटीत कुणी यायचं म्हटलं की झाडांना गेरू-चुना लागतो. आमदार आले तेव्हा लागला. गणपतीत लागतो. पाण्याच्या फिल्टरवाला प्रात्यक्षिक दाखवायला आला, तेव्हाही लागला होता. आज तर खुद्द वृक्ष अधिकारी येणार होते. दिगंबररावांनीच माळ्याला बजावलं होतं, एकही झाड सोडू नकोस.

“कोंडाजी, अरे, हे पण?” त्यांनी आवाज खाली आणून विचारलं.

“तुमीच म्हनला न्हवं सायेब, येक बी सोडू नगं,” कोंडाजी आवाज अजिबात खाली न आणता म्हणाला. “त्यात ह्याच्यावर डाग लय. पाव्हन्यांना दिसाया नगं म्हून स्टुलावर चढून पार वरपत्तुर वढलाय.”

ते डाग दाखवायलाच पाहुण्यांना बोलावलं होतं.

हा पाइन कुणा गोऱ्या साहेबानं हौसेनं लावलेला. साहेब गेला, झाड राहिलं आणि आता ते दिगंबररावांची गच्ची आणि धरणाचं पाणी यांच्या बरोबर मधे येत होतं. धडधाकट झाड तोडायला परवानगी मिळत नाही. रोगट झाडाला मिळते. यंदा पाऊस ओसरला तेव्हा बुंध्यावर पिठासारखी हिरवट-पांढरी भुकटी पसरलेली दिसली. दिगंबररावांना इतका आनंद मुलीच्या लग्नातही झाला नव्हता. त्यांनी सभा बोलावली आणि साथीचा रोग जाहीर केला.

सभेत यशोधराबाई एकट्या उठल्या. त्या वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापक. बालपण दापोलीला गेलेलं. वारा सुटला की हा पाइन समुद्रासारखा गाजतो, एवढ्याच कारणावरून त्यांनी समोरचा बंगला घेतला होता. त्या म्हणाल्या, “हा रोग नाही. गोड्या मसाल्यात दगडफूल घालता ना, त्याचं हे लांबचं भावंड. सालीवर नुसतं बसतं. झाडाचं काही खात नाही.”

“मग घाला की आमटीत!” मागून कुणीतरी म्हणालं. सभा खदखदून हसली. झाड तोडण्याचा ठराव हात वर करून मंजूर झाला.

आणि आता अधिकारी चुन्याकडे बघत होते.

“झाड तर ठणठणीत दिसतंय,” ते म्हणाले. “मग मी निघू?”

यशोधराबाई एक शब्दही न बोलता जिंकल्या होत्या. शेजारच्या रेणुकानं त्यांचा हात दाबला. “काकू, सुटलात. आता गप्प बसा हं.”

यशोधराबाईंनी हात सोडवून घेतला आणि पदर खोचला.

“थांबा साहेब. तुम्हाला दाखवायचं होतं ते या चुन्याखाली आहे.”

दिगंबररावांना आधी आपल्या कानांवर विश्वास बसेना. मग ते स्वतःच पुढे झाले आणि दोन्ही हातांनी ओला चुना पुसू लागले. सालीच्या भेगेत भुकटी दिसली. “बघा! बघा! त्यांनीच कबूल केलं!”

“बाई, झाड वाचलं होतं ना तुमचं?” अधिकारी गोंधळून म्हणाले. “मग कशाला दाखवलंत?”

“आज तुम्ही चुना बघून गेलात, तर पुढच्या वर्षी चुना उतरल्यावर हे तुम्हाला पुन्हा बोलावतील. तेव्हा मी असेन-नसेन. मला झाड चुन्यावर वाचवायचं नाही. रोग आहे की नाही, ते आजच ठरवा. फक्त जे ठरवाल ते सगळ्यांना सारखं लावा. या माझ्याबरोबर.”

त्या दिगंबररावांच्या फाटकापाशी जाऊन थांबल्या. फाटकाला काळ्या दगडाचे दोन भरभक्कम खांब होते आणि खांबांवर तीच हिरवट-पांढरी भुकटी, पाइनपेक्षाही दाट. बंगला नवाकोरा होता, पण या भुकटीमुळे त्याला संस्थानी रुबाब येतो, असं आर्किटेक्टनं सांगितलं होतं. कोंडाजीला खांबांना खराटा लावायची सक्त मनाई होती. पाहुण्यांचे फोटो इथंच निघत.

अधिकाऱ्यांनी खांबावरून एक बोट फिरवलं. मग परत जाऊन पाइनवरून दुसरं फिरवलं. दोन्ही बोटं उन्हात शेजारी-शेजारी धरून पाहिली.

“सेम आहे,” ते म्हणाले. “मग दोन्ही लिहितो. झाड तोडावं, खांब पाडावेत. खांब माझ्याकडे येत नाहीत, पण बांधकाम विभागाला कळवतो. ते येतील, बंगल्याचं मोजमाप घेतील. एकाचं घेतलं की सगळ्यांचंच घेतात.”

‘मोजमाप’ हा शब्द ऐकून सगळी सोसायटी आपापल्या बंगल्याकडे वळून बघू लागली. कुणाचा व्हरांडा बंद केलेला होता, कुणाच्या गच्चीवर खोली उगवलेली होती. रेणुकानं हळूच डोक्यावरून पदर घेतला.

“साहेब, रोग कसला!” दिगंबरराव हसत हसत म्हणाले. हसू काही नीट जमलं नाही. “लिहा, झाड निरोगी. आणि विषय संपवा.”

“तोंडी नको, दिगंबरराव,” यशोधराबाई म्हणाल्या. “आधीचा ठराव हात वर करून झाला होता. हाही तसाच होऊ दे.”

सगळ्यांत आधी वर गेला तो चुन्यानं माखलेला हात.