खिरीवरचं लोणी

रविवारी सकाळी अकरा वाजता, बाहेर उणे सव्वीस अंश थंडी असताना, नॉर्वेतल्या तिनसेट गावात गुन्वोरआजींच्या शंभर वर्षांच्या लाकडी घराची भिंत बंदुकीचा बार उडावा तशी कडाडली. नेमके तेव्हाच सुन्निवा आणि तिचा नवरा एस्पेन हे विकाऊ घर बघायला आले होते. दारात पाऊल टाकताच सुन्निवाचा जीव या घरात अडकला होता, आणि एस्पेन प्रत्येक खोलीत खोट शोधत होता.

"थंडीनं लाकूड आक्रसतं, दुसरं काय," एस्पेन म्हणाला.

"आक्रसतंय कसलं," आजी कॉफी ओतता ओतता म्हणाल्या. "आमचा निस्से रुसलाय. घर राखणारा बुटका तो. नाताळात त्याच्या वाडग्यातल्या खिरीवर लोणी घालायला विसरले मी."

"आजी, मी इंजिनियर आहे हो."

भिंत पुन्हा कडाडली.

"मला काय सांगताय, त्याला सांगा," आजी म्हणाल्या.

परतताना एस्पेन गाडीत घराची एकेक खोट मोजत राहिला. घर हातचं गेलं, असं सुन्निवानं धरूनच टाकलं.

सोमवारी दुपारी बारा वाजता त्यानं दलालाकडे लेखी बोली पाठवली. किंमत आजींनी मागितली तेवढीच, एक क्रोनही कमी नाही. खाली फक्त दोन अटी होत्या. पहिली, बँकेनं कर्ज मंजूर करावं.


दुसरी, लोणी नेमकं किती ग्रॅम, ते आजींनी सहीनिशी लिहून द्यावं.