सहानुभूतीची सवलत

"आई गेली हो माझी," नवरा फोनवर म्हणाला, आणि ती चपला काढता काढता दारातच थिजली.

क्षणभरच. कारण लगेच आतल्या खोलीतून सासूबाईंचा खोकला ऐकू आला. नेहमीचाच, सुका. नवऱ्यानं तिच्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं आणि पायानं एक खुर्ची तिच्याकडे सरकवली. फोन टेबलावर होता, स्पीकर चालू.

"ऐकून फार वाईट वाटलं, सर," पलीकडून मोबाइल कंपनीतली मुलगी म्हणाली. "कधी झालं?"

"आज पहाटे."

ती बसली. इस्पितळातली नर्सची दिवसपाळी करून आली होती. हातांना अजून वॉर्डातल्या जंतुनाशकाचा वास येत होता. काय चाललंय ते कळायला तिला वेळ लागला नाही. घरातले सगळे नंबर सासूबाईंच्या नावावर होते आणि प्लॅन महागडा होता. मुदतीआधी सोडला तर दंड. गेले काही दिवस नवरा कंपनीशी गोडीत बोलून बघत होता, मग दुसऱ्या कंपनीत जातो म्हणून धमकावत होता. करार म्हणजे करार, एवढंच उत्तर यायचं.

"करार आईशी होता," तो आता म्हणत होता. "माणूसच राहिलं नाही, तर दंड कुणाला लावणार?"

"बरोबर आहे, सर. फक्त मृत्यूचा दाखला लागेल."

"आई अजून आतल्या खोलीत आहे हो, ताई. आणि तुम्ही दाखला मागताय?"

नवऱ्यानं तिच्याकडे बघून डोळा मारला. मग त्यानं नाक ओढलं आणि आवाज खाली आणला.

"सकाळपासून सगळ्यांना एकच सांगतोय. तिच्या पायात मोजे घाला. तिला थंडी सोसत नाही."

हे वाक्य त्याचं नव्हतं. वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर वारलेल्या म्हातारीचा मुलगा, एक वायरमन, काल हिचा हात धरून हेच म्हणत होता. पुन्हा पुन्हा. रात्री जेवताना तिनं नवऱ्याला ते सांगितलं होतं. नवरा खायचं थांबून ऐकत राहिला होता. आपलं कुणीतरी इतकं मन लावून ऐकतंय, याचं तिला बरं वाटलं होतं.

"सर," कंपनीतली मुलगी म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "माझी आई उन्हाळ्यात गेली. मी समजू शकते. जरा थांबा, मी साहेबांशी बोलून बघते."

फोनमधून संगीत सुरू झालं. नवऱ्यानं आपल्याकडचा आवाज बंद केला आणि मान कडकड मोडली.

"मासा गळाला लागला."

"फोन ठेव," ती म्हणाली.

"थांब गं, आता तर खरी गंमत आहे."

"आई आत ऐकतायत. त्यांना काय वाटत असेल?"

"बोलल्यानं कुणी मरतं का? उलट आयुष्य वाढतं म्हणतात."

संगीत थांबलं. त्यानं चेहरा पुन्हा पाडला, जणू पलीकडून कुणी बघतच होतं.

"सर, दंड माफ झालाय. सर्वांत स्वस्त प्लॅन तुमच्या नावावर करून देते. दाखला सवडीनं पाठवा." मुलगी घुटमळली. "आणि आईंचा नंबर बंद करू नका. तो फुकट चालू ठेवायचं माझ्या हातात आहे. मी अजून कधी कधी माझ्या आईला फोन लावते. कुणी उचलत नाही, पण लावते."

"देव तुमचं भलं करो," नवरा म्हणाला. मग हुंदका दिला. हुंदक्याच्या शेपटाला धरूनच म्हणाला, "त्यातच जरा इंटरनेट वाढवून मिळालं असतं तर. नातेवाइकांना कळवायचंय."

मुलीनं तेही दिलं.

पू, उलट्या, सडलेल्या जखमा. हे सगळं तिनं वर्षानुवर्षं हातानं पुसलं होतं. किळस तिला कधी आली नव्हती. आत्ता आली. या माणसाच्या शेजारी आपण झोपतो, हा विचार तिला करवेना. ती उठली, बेसिनवर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले आणि आतल्या खोलीत गेली.

सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. चादर तोंडावर ओढलेली. खांदे गदगदत होते.

तिनं खाटेच्या कडेला बसून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. कितीतरी आयांच्या पाठीवर ठेवला होता तसा.

"आई, मनाला लावून घेऊ नका. पोटच्या पोरानं असं बोलावं, हे ऐकायला काळीज दगडाचं लागतं."

खांदे आणखीच हलले.

"मी आत्ता त्या मुलीला फोन लावते," ती म्हणाली. खिशातून तिनं आपला फोन काढला. "तुम्ही ठणठणीत आहात म्हणून सांगते. दंड बसला तर बसू दे. बिचारी स्वतःच्या आईच्या आठवणीनं रडायला आली होती. याला काय राग यायचा तो येऊ दे."

सासूबाईंनी चादर बाजूला केली. त्यांचे डोळे ओले होते. तोंड मात्र हसून हसून लाल झालं होतं.

"मोज्याचं फार छान सुचलं हो त्याला," त्या रुमालानं डोळे टिपत म्हणाल्या. मग त्यांची नजर तिच्या हाताकडे गेली, आणि त्यांनी घाईनं तिचं मनगट धरलं.

"या फोनवरून नको गं लावूस. मागच्या वर्षी तू वारलीस, तेव्हा याच कंपनीनं फुकट दिलाय तो."