थोरलीची ओढणी

थोरली राजकन्या रोझालिया देवीच्या रोगाच्या साथीत दगावली, तेव्हा तिच्या लग्नाची लेसची ओढणी शिवून तयार होती. तिच्या आईने, महाराणींनी, दूरदेशीच्या राजाशी झालेल्या लग्नाच्या करारात फक्त नाव बदललं.

"तह मोडत नसतात, वालबुर्गा. मुली बदलतात."

धाकट्या वालबुर्गाने ठरवलं, वेदीपुढे सर्वांदेखत 'नाही' म्हणायचं.

गैरहजर राजाच्या जागी, व्हिएन्नाच्या रिवाजाप्रमाणे, त्याचा प्रतिनिधी म्हणून तिचा भाऊच उभा होता. "थरथरतेस काय? मी थोडाच नांदवणार आहे तुला!" तो कुजबुजला.

बिशपांनी थोरलीच्या ओढणीने चेहरा झाकलेल्या वालबुर्गाला संमती विचारली. रीतीनुसार तिने आधी वळून आईला लवून वंदन केलं. आईने होकारार्थी मान हलवली.

"हो." ओढणीच्या आतून रोझालियाचा आवाज आला.

आईचे डोळे भरून आले. तिने आवाज ओळखला होता. बिशपांनी अंगठी पुढे केली.

वालबुर्गाचे ओठ अजून मिटलेलेच होते.