आगाऊ श्रद्धांजली

“मी मेल्यावर शोकसभेत जे बोलशीन, ते आत्ताच बोल,” देवमन म्हणाला. “तवा मले आयकू येनार नाई.”

खुशालराव खुर्चीत अवघडले. डॉक्टरांनी हात टेकल्यावर देवमनला अकोल्याच्या जुन्या शहरातल्या घरी आणलं होतं. ते कळल्यावर खुशालराव अमरावतीहून भेटायला आले होते. चहा घेऊन अंधाराच्या आत परत, असा बेत होता.

खुशालराव म्हणजे समीक्षक, मराठीचे निवृत्त प्राध्यापक. वऱ्हाडात कोणी लेखक गेला की शोकसभेला बोलावणं त्यांनाच. जिवंत माणसाच्या पुस्तकावर लिहायचं तर त्यांचा हात आखडायचा. माणूस गेला की जिभेवर सरस्वती नाचायची. देवमन त्यांचा कॉलेजपासूनचा दोस्त आणि जन्मभराचा कवी. प्रत्येक संग्रह त्याने आधी खुशालरावांच्या हातात ठेवला. प्रत्येक वेळी “लिहितो रे सवडीनं” एवढंच उत्तर मिळालं. त्याला बक्षीस नको होतं, सत्कार नको होता. या एका माणसाला आपली कविता कशी वाटते, तेवढं ऐकायचं होतं. ते ऐकल्यावाचून त्याचा जीव जात नव्हता म्हणा ना.

“बोला न भाऊजी,” देवमनची बायको सुंदराबाई दारातून म्हणाली. “तुमचीच वाट पाहून रायले ते.”

खुशालराव उभे राहिले. बसून त्यांना बोलताच येत नसे. आधी अडखळले, मग सूर लागला, तशी भाषाही घरातली सुटून सभेतली झाली. देवमनची कविता या काळ्या मातीची आहे, म्हणाले. तिने कुणाच्या दारात जाऊन मान मागितला नाही, म्हणाले. इतकी वर्षं आपण हे का बोललो नाही, याची त्यांना लाज वाटली. देवमन डोळे मिटून ऐकत होता. चेहऱ्यावरचं दुखणं जरा निवळलं होतं. सुंदराबाईने डोळ्यांना पदर लावला.

“शेवटी एकच ओळ सांगतो,” खुशालराव म्हणाले. “पहिल्या संग्रहातली. आजवर ती माझ्या मनातून गेलेली नाही. ‘नदी आटली, पण काठ अजून ओला आहे.’ अशी एक ओळ लिहिणारा माणूस मरत नसतो.”

देवमनने डोळे उघडले. मित्राकडे पाहिलं. तो चिडला असता तर बरं झालं असतं.

“ते ओळ तुही होय, खुशाल,” तो म्हणाला. “पुस्तक छापाच्या पयले तुले तपासाले देल्लं, तवा माही ओळ खोडून तिच्या जागी तू ते टाकली होती. माही काय होती, मलेबी आता याद नाई.”